हिरवळ हवी? स्क्वेअर फुटाने घ्या!

मे महिन्यात अमरावतीहून गाडीने अकोल्याला निघा. बडनेरा मागे पडलं की लोणी, मग मूर्तिजापूर... दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं. भेगा अशा की हात आत जाईल! मधून डांबराची पट्टी. जून २०२२मध्ये याच लोणी-मूर्तिजापूर टप्प्यात ७५ किलोमीटरचा एका लेनचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. काळ्यावर काळं! हिरवं दिसलंच तर एखादा कडुनिंब, नाहीतर जाळी लावलेलं बॉक्स क्रिकेटचं टर्फ.

तेच टर्फ आता घरी आलंय. राजापेठेतला फ्लॅट असो की जठारपेठेतलं आजोबांचं घर, बाल्कनीत हिरवा रोल अंथरलेला दिसतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी पोरं सुट्टीत येतात आणि शनिवार-रविवारात स्वतःच उरकतात.

नुसती फॅशन म्हणून नाक मुरडू नका. अमरावतीला पाणी येतं ऊर्ध्व वर्धा धरणातून, अकोल्याला काटेपूर्णातून आणि नळ काही रोज येत नाहीत. अशात लॉनला पाइप लावून उभं राहिलात तर शेजारच्या काकू काय म्हणतील? बोअर मारावी तर पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. त्या पाण्यावर लॉन पिवळं पडतं. म्हणजे प्लास्टिकच्या गवतात आपल्याकडे थोडं तरी शहाणपण आहेच.

या गवताचा जन्मही खरं गवत जगेना म्हणूनच गाजला. अमेरिकेत ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये छताच्या काचा रंगवल्या, ऊन अडलं, गवत मेलं. मग १९६६मध्ये तिथे प्लास्टिक अंथरलं. नाव पडलं अ‍ॅस्ट्रोटर्फ. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकीही त्यावर गेली आणि आपण थेट सातवे! असो.

आता काम. बाल्कनी असेल तर आधी बादलीभर पाणी ओता. पाणी नाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं, ते बघा. साचत असेल तर आधी उतार नीट करून घ्या. नाहीतर पावसाळ्यात खाली शेवाळ आणि वर कुबट वास. रोल काही तास उघडून ठेवला की घड्या बसतात. कापायचं मागच्या बाजूने, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून, धारदार कटरने. दोन तुकडे जोडणार असाल तर पात्यांचा कल एकाच दिशेला हवा. इथेच सगळे फसतात. एक तुकडा उलटा बसला की जोड लांबूनही दिसतो. कडांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पुरते. स्लॅबला खिळे मात्र ठोकू नका, वॉटरप्रूफिंगची वाट लागेल!

अंगणात प्रकरण वेगळं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते. तिच्यावर थेट अंथरलंत तर पहिल्याच पावसाळ्यानंतर उंचवटे येणार. तीन-चार इंच माती काढा, मुरूम भरा, धुम्मसने ठोका, वर गिट्टीची चुरी. मग गवत. शेवटी बारीक वाळू भुरभुरवायची आणि खराट्याने पाती उलट्या दिशेने उभी करायची. घाम निघतो राव!

आता खरी मेख. अकोल्याचा पारा मे २०२०मध्ये ४७च्या वर गेला होता. मे २०२४मध्ये तर उष्म्यामुळे तिथे कलम १४४ लागलं, कोचिंग क्लासच्या वेळासुद्धा बदलल्या. ‘लय तपून राह्यलं ना बाप्पा’ हे इथे नुसतं बोलणं नसतं. आणि प्लास्टिकचं गवत उन्हात भयंकर तापतं. खरं गवत पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवतं, याच्याकडे तो फंडाच नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२मध्ये मोजलं, तेव्हा कृत्रिम मैदान डांबरापेक्षाही गरम निघालं. पाणी मारलं की गार व्हायचं, पण काही मिनिटांत पुन्हा चढायचं. म्हणजे पाणी वाचवायला आणलेल्या गवतावर पाणी शिंपडत बसायचं!

म्हणून माझं स्पष्ट मत: उत्तरेची किंवा पूर्वेची बाल्कनी, पोर्चची सावली, तिथे जरूर लावा. संध्याकाळी अनवाणी चहा प्यायला झकास. पश्चिमेच्या उन्हात आणि उघड्या गच्चीवर नको. विशेषतः घरात रांगणारं बाळ असेल तर नकोच. समोरच्या खिडकीच्या काचेवरून तिरीप येत असेल तर पाती वितळूही शकतात. दिवाळीत फुलबाज्याही लांबच.

गच्चीला पांढरा चुना मारा, वर ग्रीन नेट बांधा. आईबाबा दुपारी खालच्याच खोलीत झोपतात. आणि तळपायाला खरं ओलं गवत लागावं असं वाटलंच, तर जुलैत परतवाड्याहून घाट चढा. वर चिखलदरा आहे, भजी गरम मिळतात.