दहाचा कांटा

आमच्या ओटीच्या भिंतीवर वडिलांच्या वेळचें एक पितळी वायुभारमापक यंत्र आहे. तबकडीवर इंचांचे आंकडे असून २९ पाशीं ‘रेन’, साडेएकोणतिसापाशीं ‘चेंज’ आणि ३० पाशीं ‘फेअर’ अशीं अक्षरें आहेत. संस्कृत शिकविण्यांत आमची हयात गेली. यंत्रांशीं संबंध कधीं आला नाहीं. परंतु सेवानिवृत्तीनंतर द्रोणागिरीच्या पायथ्याशीं ह्या वडिलोपार्जित घरीं येऊन राहिलों, आणि त्या कांट्याचा नाद लागला. उरण म्हणजे एके काळचें करंजा बेट. समोर कुलाब्यास १८२६ पासून वेधशाळा आहे. तिच्या आंकड्यांशीं ताडून आम्हीं कांटा बसवून घेतला.

पहिल्याच पावसाळ्यांत घोटाळा झाला. जुलैची झड लागली, पागोळ्या थांबेनात, आणि कांटा मात्र ‘चेंज’च्या किंचित् वर स्थिर! मुलें हंसूं लागलीं. वास्तविक हीं अक्षरें विलायतेच्या हवेवरून बेतलेलीं. तिकडे हिंवाळ्यांत आठवड्याभरांत कांटा इंचभरही खालींवर होतो. आपल्याकडे हिंवाळ्यांत तिसाच्या जरा खालीं आणि ऐन पावसाळ्यांत साडेएकोणतिसाच्या थोडा वर, एवढीच त्याची वर्षाची यात्रा. ऐंशी-नव्वद इंच पाऊस कोसळून जातो, तरी कांट्यास ‘रेन’चें दर्शन नाहीं.

दुसरा घोटाळा सर्वस्वीं आमचा. रोज दुपारीं चारच्या सुमारास कांटा उतरे, आणि आम्ही वादळ आलें म्हणून वाळवणें उचलावयास लावीत असूं. बाहेर ऊन लख्ख! असें पांच-सहा वेळां झाल्यावर आमच्या शब्दाची घरांत किंमत राहिली नाहीं. मग ग्रंथ चाळले. उष्ण कटिबंधांत वातावरणासही रोज दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास भार अधिक, पहाटे व दुपारीं चारच्या सुमारास कमी. अंतर अदमासें एक दशांश इंच. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीनें येते, ही सूर्याच्या तापानें. उंचावरचा ओझोन आणि हवेंतील बाष्प तापून सारें वातावरणच हेलकावतें. हुंबोल्ट ह्या जर्मन प्रवाशास दक्षिण अमेरिकेंत हा क्रम इतका नियमित आढळला कीं, कांट्यावरून वेळ सांगतां यावी असें त्यास वाटलें. तेव्हांपासून कांटा किती उतरला हें पाहण्याआधीं आम्ही घड्याळाकडे पाहूं लागलों.

आमच्या थोरल्या वहिनी, वय ऐंशीच्या घरांत, त्यांना हें सारें फार आवडलें. पूजा आटोपली कीं रोज दहाला त्या विचारीत, “भाऊजी, चढला का कांटा?”

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागेकडे येत होतें. हवामान खात्यानें आधींच बजावलें होतें. उपग्रह आणि रडार यांपुढें आमच्या तबकडीची मातब्बरी ती काय? टाळेबंदीमुळें सारें कुटुंब घरीं होतें. वहिनींची खाट पडवींत, वाऱ्याच्या तोंडावर. मुलांनीं परोपरीनें विनविलें, मोबाइलवरील नकाशे दाखविले. पण “अठ्ठेचाळीस सालचें वादळ मीं पाहिलें आहे,” म्हणून त्या हालेनात.

दहाचे ठोके पडले. त्यांनीं नित्याप्रमाणें विचारलें. आम्हीं कांचेवर हलकेंच टिचकी मारली. ह्या घटकेस जो कांटा सर्वांत उंच असावयाचा, तो साडेएकोणतिसास टेकला होता, आणि टिचकीसरशीं आणखी खालीं सरकला.

“नाहीं वहिनी. उतरतो आहे.”

“दहाला?”

एवढेंच म्हणून त्यांनीं पोथी उचलली, आणि कोणाचा हात न धरतां त्या माजघरांत आल्या.

दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस वादळ जमिनीवर चढलें. आमच्या पडवीचीं कौलें पत्त्यांसारखीं उडालीं, आणि माडाचा शेंडा मोडून खाटेच्या पायगतीवर पडला. ‘रेन’च्या इतका जवळ गेलेला कांटा आम्हीं जन्मांत पाहिला नव्हता. मग चार वाजतां, ऐन ओहोटीच्या वेळीं, तो वर चढूं लागला.

रात्रीं वीज नव्हती. समईच्या उजेडांत आम्ही कौलांचे तुकडे गोळा करीत होतों, तोंच माजघरांतून हांक आली, “भाऊजी, दहा वाजले असतील.”