रात्रीच्या वर्गातील धडा

शिक्षकाने शिकवावे आणि विद्यार्थ्याने शिकावे, ही जगाची रीत आहे. परंतु क्वचित एखादा विद्यार्थीच शिक्षकाला असा धडा देऊन जातो की, तो जन्मभर विसरता येत नाही. मला असा धडा १९८१ साली मिळाला.

मराठीत एम. ए. होऊन मी नुकताच एका तालुक्याच्या गावी शिक्षक झालो होतो. आपल्या पदवीचा मला थोडा गर्वही होता. त्या काळी प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग चालत. तसा एक वर्ग आमच्या शाळेच्या पडवीत रात्री भरे. दिवसभर काबाडकष्ट करून आलेली दहा-बारा माणसे कंदिलाच्या उजेडात पाटीवर मुळाक्षरे गिरवीत.

त्यांत बाजारपेठेतील एक हमाल होते. वय पन्नाशीच्या घरात. ते वर्गाला नेमाने येत; पण पाटीला हात लावीत नसत. "पोती उचलून बोटं राठ झाली, गुरुजी. आता पेन्सिल काय धरायची?" असे म्हणून ते कोपऱ्यात बसून राहत. 'यांना काय येणार!' असे मीही मनाशी ठरवून टाकले होते.

एके रात्री वर्ग सुटल्यावर ते ओट्यावर बसून गाऊ लागले. एकामागून एक पाच-सहा गाणी त्यांनी म्हटली. शब्द अगदी रोजच्या बोलण्यातले. पण यमके कशी घट्ट बसलेली! त्यांत कष्टकऱ्यांचे दुःख होते, बाबासाहेब आंबेडकरांविषयीची कृतज्ञता होती. मी भारावून विचारले, "काका, ही गाणी कोणाची?"

"वामनदादांची." त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, वामनदादा कर्डक तुम्हांला ठाऊक नाहीत?"

मला ठाऊक नव्हते. कितीतरी कवींची नावे मी परीक्षेसाठी पाठ केली होती. त्यांत हे नाव नव्हते. मी मान खाली घातली. मग माझा तो विद्यार्थी सांगू लागला आणि मी ऐकू लागलो.

वामनदादांचा जन्म १९२२ साली नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. घरच्या गरिबीमुळे बालपणी शाळा घडली नाही. पुढे ते पोटासाठी मुंबईला आले आणि मिळेल ते काम करू लागले. एके दिवशी कोणीतरी त्यांच्याकडे एक पत्र वाचून घ्यायला आले. वामनदादांना ते वाचता येईना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण ते रडत बसले नाहीत. एका मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवून घेतली. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचीत त्यांनी जोडाक्षरे पक्की केली. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले. त्यानंतर त्यांची लेखणी थांबली नाही. गाणे स्वतः लिहायचे, त्याला लोकांच्या ओळखीची चाल द्यायची आणि गावोगावी जाऊन स्वतःच गायचे, हेच त्यांचे जीवन झाले.

सांगणे संपले. मी सहज म्हणालो, "म्हणजे वामनदादाही मोठेपणीच शिकले!"

ते एकदम गप्प झाले. ही गोष्ट त्यांनी कितीदा तरी इतरांना सांगितली असेल. पण ती आपल्याला लागू पडते, हे जणू त्यांना त्याच क्षणी उमगले. दुसऱ्या दिवशी ते सर्वांच्या आधी आले आणि पाटी मांडीवर घेऊन बसले.

मी शहरात जाऊन वामनदादांचा 'वाटचाल' हा १९७३ सालचा गीतसंग्रह मिळविला आणि वर्गात वाचू लागलो. काकांना त्यातील काही गाणी मुखोद्गत होती. माझा एखादा शब्द चुकला की ते हळूच दुरुस्त करीत. एकदा त्यांनी पुस्तकावर बोट ठेवून विचारले, "यात 'वामन' कुठं लिहिलंय?" मी दाखविले. त्या तीन अक्षरांवरून त्यांनी आपले राठ बोट सावकाश फिरविले. बहुतेक माणसे प्रथम स्वतःचे नाव लिहायला शिकतात. आमच्या काकांनी पाटीवर लिहिलेला पहिला शब्द होता, 'वामन'!

वामनदादांनी हजारो गीते लिहिली. १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्यांना एके काळी एक पत्र वाचता आले नव्हते, त्यांना साहित्यिकांनी अग्रस्थानी बसविले. २००४ साली ते निवर्तले. पण त्यांची गाणी आजही गावोगावी गायिली जातात.

त्या रात्रीनंतर कोणत्याही विद्यार्थ्याविषयी 'याला काय येणार!' असे म्हणण्याचे धाडस मला कधी झाले नाही.