पडलात, तर मुलाच्या शिफ्टचा विचार करू नका
पिंपरी-चिंचवडच्या आजी-आजोबांना अनावृत पत्र

आदरणीय आजी-आजोबा,


1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, आणि गावोगावहून तुम्ही आलात. दोन खोल्यांत संसार मांडलेत, पाळ्या केल्यात, मुलांना शिकवलंत. आज तीच मुलं चाकणच्या कंपन्यांत पाळ्या करतात आणि सत्तरी-ऐंशीतले तुम्ही दिवसभर घरी एकटे असता. म्हणून हे पत्र.

हाडं ठिसूळ होत जातात तेव्हा दुखत नाहीत, त्यामुळे कळतही नाही. मग एक दिवस बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय सरकतो. उठता येत नाही, जांघेत कळ येते, तो पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. एवढं दिसलं की खुबा मोडला असं धरूनच चालायचं. पण तुम्ही म्हणता, "त्याची सेकंड शिफ्ट आहे, कशाला खाडा पाडायचा? तेल लावून बघू." दोन दिवस जातात. मग एखादा नातेवाईक सुचवतो, "या वयात ऑपरेशन कशाला? पडून राहू दे."

हा सल्ला जिवावर बेततो. जगभरचा अनुभव असा, की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाच जणांमागे एक जण वर्षभरात दगावतो, आणि पुरुषांत हे प्रमाण बायकांपेक्षा जास्त आहे. घात बहुतेकदा अंथरूण करतं. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेतली गुठळी फुप्फुसात जाते, पाठीला बेडसोर होतात, जुना हृदयविकार डोकं वर काढतो. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ज्या पेनिसिलिनसाठी निघाली ते न्यूमोनियावरही चालणारं औषध. पण महिनोन्‌महिने पडून खंगलेल्या शरीराला नुसती अँटिबायोटिक्स पुरत नाहीत.

म्हणून शक्यतो 48 तासांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. बॉल बदलायचा की रॉड घालायचा, ते डॉक्टर ठरवतील. त्यांनी परवानगी दिली की दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं राहायचं. दुखेल. वेदनेचं औषध मागून घ्या, पण उठा.

टाके निघाले म्हणजे उपचार संपले, असं समजू नका. ठिसूळपणा तसाच असतो, आणि दुसरं हाड मोडायला वेळ लागत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड दिलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 28 टक्क्यांनी कमी दिसलं, असा एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाला. किडनी आणि व्हिटॅमिन डी तपासून हे औषध तुम्हाला चालेल का, हे घरी सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खर्चाच्या धास्तीने दुखणं लपवू नका. उत्पन्न कितीही असो, 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे उपचार 2024 पासून लागू आहेत. कार्ड आजच काढून ठेवा.

आणि पडलात, तर पहिला फोन मुलाला किंवा सुनेला करा, शिफ्ट चालू असली तरी. फोन लागला नाही तर शेजाऱ्यांना हाक मारा, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. खाड्याचे पैसे पुढच्या महिन्यात भरून निघतील. दुखणं लपवण्यात गेलेले ते दोन दिवस भरून निघत नाहीत.

तुमचीच,
एका कामगाराची मुलगी