आज्जी आणि एआरएम

नवीन टॅबलेट आला की लोक काय काय करून बघतात. मी आधी व्हीएलसी टाकला... सवय, दुसरं काय! टॅबलेट विंडोज 11 चा, पण आत प्रोसेसर एआरएमचा. घाईघाईत मी नेहमीचीच, म्हणजे इंटेलवाली आवृत्ती उतरवली. तरी चालली! टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर नावासमोर 'एक्स64'. म्हणजे विंडोज मध्ये दुभाष्या होऊन बसलं होतं. इंटेलच्या भाषेतली प्रत्येक सूचना एआरएमच्या भाषेत सांगत. फोनवरचा 4के व्हिडिओ लावला तर चित्र अडखळायला लागलं, आणि बॅटरी... असो.

एआरएमची बिल्ड शोधावी म्हणतोय, तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, तुझी मुंज लागते का बघ ना यावर."

2005 साली झालेली माझी मुंज, व्हीसीडीवरची. सीडी ड्राइव्ह आता घरात कुठला! पण कॉलेजात असताना ती डॅट फाइल मी हार्डडिस्कवर घेऊन ठेवली होती. एमपेग-1, 352 गुणिले 288. दुभाष्याला घामसुद्धा फुटला नाही.

मातृभोजन चालू आहे आणि आज्जी कॅमेरावाल्याला दटावतेय, "आधी पोराला जेवू दे रे!" आज्जी 2009 मध्ये गेली. आईने तेवढाच तुकडा तीनदा मागे घेतला. आवाज चित्राच्या जरा मागे होता. मी 'जे' आणि 'के' दाबून जुळवायला लागलो.

"राहू दे रे ते," आई म्हणाली, "तू फक्त मोठा कर."