एकोणतीसचा पाढा

स्टेंट बसल्यावर पहिले तीन आठवडे मी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा राहिलो. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणीतरी हातात आणून द्यायचं. दळणाच्या डब्याकडे नुसतं पाहिलं तरी बायको, ‘अहो, राहू द्या’ म्हणायची. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. उतरलं की पुन्हा चढणं आलं, आणि चढताना छातीत काही होतंय का याकडे सगळं लक्ष. खरं सांगायचं तर मलाही ते बसून राहणं सोयीचं वाटत होतं. ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता जिन्याच्या पायऱ्या मोजून घाबरत होतो.

डिस्चार्जच्या कागदावर सात औषधं वेळांसकट लिहिली होती. व्यायामाबद्दल दोनच शब्द: ‘हलका व्यायाम’. हलका म्हणजे किती, कधीपासून, याचा पत्ता नाही. पुढच्या तपासणीला मीच हट्टाने विचारलं, तेव्हा हृदयरुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या एका केंद्राची चिठ्ठी मिळाली. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा. विमा कंपनीने याचे पैसे मिळणार नाहीत असं कळवलं. स्टेंटचे दिले होते, पुढच्याचे नाहीत. असो.

पहिल्या दिवशी ३० मीटरच्या बोळात सहा मिनिटं चालायला लावलं. ३४० मीटर झाले. मग छातीवर ईसीजीच्या चकत्या चिकटवून ट्रेडमिलवर चढवलं. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला, ६ ते २० आकड्यांचा. “काका, किती दमल्यासारखं वाटतंय ते यातल्या आकड्यात सांगायचं. आपल्याला ११ ते १३ मध्ये राहायचंय.”

सहापासून सुरू होणारी पट्टी मी जन्मात पाहिली नव्हती. कारण विचारलंच. बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ती अशी बेतली, की आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाच्या नाडीचे ठोके अंदाजे मिळावेत. स्वस्थ बसलेला ६०, जीव तोडून पळणारा २००. मी खूश. लगेच “१२” म्हणून मॉनिटरकडे पाहिलं, तर ठोके ८८!

“तुमची बीटा ब्लॉकरची गोळी ठोके फारसे वाढू देत नाही,” ती हसली. “म्हणून तर तुम्हाला विचारते. नुसत्या मनगटावरच्या घड्याळावर जाऊ नका.”

घरी कसं कळणार? तर म्हणे, चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. छातीत दडपल्यासारखं झालं तर तिथेच थांबायचं, जिभेखालची गोळी कायम खिशात. एकटा माणूस चालताना बोलणार काय? मी पाढे म्हणायला लागलो. सारसबागेत लोक वळून बघायचे. एकोणतीसचा पाढा ‘सोळोदरसे’च्या आतच तुटला, की समजायचं आपण जास्त जोरात निघालोय. पाच-सहा दिवसांत हा पाढा बायकोलाही पाठ झाला, कारण माझ्यावर नजर ठेवायला ती मागून चालत असे.

पाचव्या आठवड्यात एक आगाऊपणा केला. रिक्षा खाली थांबली होती, म्हणून ट्रेडमिल एकदम बंद करून उतरलो. डोळ्यांपुढे अंधारी. मुलीने धरून आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की ते पायांतच साचतं आणि रक्तदाब उतरतो. शेवटची दहा मिनिटं वेग उतरवत आणण्याची असतात, ती मला फावल्या वेळातली वाटत होती. त्या दिवशी रिक्षा निघून गेली. पुढे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलायला दिल्या, तेव्हा ‘उचलताना श्वास सोडा, कोंडू नका’ हे मात्र निमूट ऐकलं.

चोविसाव्या खेपेला त्याच बोळात ४२५ मीटर झाले. स्टेंट तोच, धमन्या त्याच. पण पायांचे स्नायू तेवढ्याच कामाला हृदयाकडून कमी मागायला शिकले होते. दळण आता मीच आणतो, पाच-पाच किलोच्या दोन खेपा करून. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मात्र अजून एका दमात होत नाहीत, दोनदा थांबतो.

तुमच्या घरी कुणाला स्टेंट बसला असेल, तर दवाखान्यातून निघण्याआधी औषधांच्या यादीबरोबर व्यायाम कुठे आणि कोण शिकवणार हेही विचारा, आणि ते कागदावर लिहूनच घ्या.