जयजयकार कोणाचा?

यंदाच्या यात्रेत आमच्या लोणी काळभोरला कबड्डीचे सामने भरले होते. सकाळपासून कर्ण्यावर देशभक्तीची गाणी लागली होती. अखेरच्या सामन्याआधी दोन्ही संघ रांगेत उभे राहिले आणि राष्ट्रगीत झाले. ती ५२ सेकंदे सारे मैदान जागच्या जागी स्तब्ध होते. खाली बसलेली म्हातारी माणसेसुद्धा काठी टेकून उभी राहिली. पाहून बरे वाटले.

पुढचे मात्र बरे नव्हते. सामना आमच्या पोरांनी मारला. शेजारगावची पोरे माना खाली घालून निघाली, तशी आमच्या पोरांनी त्यांच्या तोंडावर ‘भारत माता की जय’ सुरू केले. घोषणा चांगली, पण सूर चिडवण्याचा. त्यात माझा धाकटाही हात उंचावून ओरडत होता आणि मी जिंकल्याच्या भरात नुसता हसत उभा होतो.

रात्री ओट्यावर आबांनी नातवाला जवळ बसवले.

“का रं, ती पोरं काय परमुलखातनं आली हुती?”

“नाही आबा, शेजारचीच होती.”

“मग भारतमाता त्यांची कोण लागती?”

पोरगा गप्प झाला. मीही झालो.

आबा तरुणपणी कुस्त्या खेळलेले. ते सांगू लागले. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवून हौदा तयार करायचा. मारुतीच्या तसबिरीपुढे नारळ फोडायचा. हलगी कडाडली की पैलवान माती कपाळाला लावून आत उतरायचा आणि समोरच्याच्या हातात माती देऊन सलामी घ्यायचा. “ज्याला पाडायचं, त्यालाच आधी मान द्यायचा,” आबा म्हणाले.

मला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण ऑलिम्पिकचा रिवाज असा, की राष्ट्रगीत फक्त पहिल्या आलेल्याचे वाजते. त्या गटात पहिला होता जपानचा शोहाची इशी. म्हणजे आपल्या खाशाबांच्या वाट्याला मान आला तो दुसऱ्याच्या राष्ट्रगीताचा.

काळ फिरतो. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पहिला आला. या वेळी आपले राष्ट्रगीत वाजले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर होते दोन जपानी धावपटू.

गीत आपले असो वा दुसऱ्याचे, ते सरळ उभे राहून ऐकायचे, हेच मैदान शिकवते. ते चिडवायला वापरले की त्याचा मान जातो. आमच्या गावी तर दरवर्षी तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. तिथे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. कोण कुठल्या गावचा, हे कोणी विचारत नाही. हे डोळ्यांनी पाहून वाढलेल्या पोरांना वेगळे काय शिकवायचे? आम्ही मोठ्यांनी वेळीच टोकायला हवे होते, एवढेच.

पुढच्या यात्रेआधी पंचांना मी सुचवणार आहे, की राष्ट्रगीत झाल्यावर दोन्ही संघांनी चिमूटभर माती एकमेकांच्या हातावर ठेवावी. काही जण हसतील. हसोत. आबांना मात्र त्या दिवशी पुढच्या रांगेत खुर्ची देऊन बसवणार आहे.