अंदाजा, तू भोंग्यावर ये

प्रिय हवामान अंदाजा,

चैत्र लागला की आमच्या घरात पहाटेचा पहिला विषय तू असतोस. चहाचं आधण ठेवता ठेवता आई विचारते, "आज काय म्हणतोय?" कोण म्हणतोय, हे कुणाला विचारावं लागत नाही.

बागलाणात हे दिवस उन्हाळ कांद्याच्या काढणीचे. उपटलेला कांदा लगेच घरात येत नाही. तो वावरातच ओळीने निजवायचा, तोही असा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर यावी. ऊन पातीने सोसायचं, कांद्याने नाही. तीन-चार दिवसांत पात सुकते, मान आवळते. मग मानेला बोटभर देठ ठेवून पात कापायची आणि सावलीत ढीग लावायचा. असा कांदा चाळीत चार-पाच महिने सहज निघतो. पण निजवलेल्या कांद्यावर एक सर जरी आली, तरी ओल मानेतून आत उतरते. वरून काही दिसत नाही. दोन महिन्यांनी चाळीजवळून जाताना वास येतो, तेव्हा कळतं.

त्या तीन-चार दिवसांचा सगळा हिशेब तुझ्या भरवशावर असतो. मजुरांची टोळी आज परत पाठवली, तर ती दुसऱ्याच्या मळ्यात जाते आणि आठ दिवस हाती लागत नाही. आणि तू सांगतोस, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटरचा वारा, कमाल तापमानात दोन-तीन अंशांची घट, नंतर पुन्हा वाढ.

या 'तुरळक'चा मला फार राग यायचा. माझ्या वावरात पडणार की नाही, एवढं सांग ना! मग एका कृषी मेळाव्यात कळलं की तुझ्या शब्दांना मापं आहेत. तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत, आणि 'बहुतांश' म्हणजे त्याच्याही वर. ही मापं शाळेत पाढ्यांसारखी शिकवायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. आता तुरळक ऐकलं की मी ताडपत्र्या बांधावर आणून ठेवतो, पण टोळी परत पाठवत नाही. 'बऱ्याच' ऐकलं की उपटणंच थांबवतो.

तुला नेमकं वावर का सांगता येत नाही, हेही आता समजतं. जमीन दुपारपर्यंत तापते, पारा चाळिशीला टेकतो. समुद्रावरून आलेला दमट वारा त्या तापल्या हवेबरोबर वर चढतो आणि दोनच्या सुमारास कापसासारखा दिसणारा ढग चार वाजेपर्यंत डोंगराएवढा होतो. असा एकटा ढग काही कोसांचा आणि तासाभराच्या आयुष्याचा. या शिवारात धो धो, पुढच्या शिवारात फुफाटा. जो ढग अजून जन्मालाच आलेला नाही, त्याचा गट नंबर आदल्या दिवशी कोण सांगेल? म्हणून तुझ्याकडून खात्री नको. तू आहेस तेवढाच अनिश्चित राहा, फक्त ती अनिश्चितता सरळ सांग.

एक मात्र सांगावंसं वाटतं. हल्ली बातम्यांत तुझ्या नावावर मार्चपासून मेपर्यंतच्या सगळ्या पावसाला सरसकट 'अवकाळी' म्हणतात. वैशाखातला वळीव अवकाळी नव्हे. त्याचा काळ ठरलेला आहे, त्याच्यावर नांगरटीची ढेकळं फुटतात, आमची आजी त्याची वाट बघायची. अवकाळी म्हणजे २०१४ ची ती गारपीट, फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला झोडपत राहिलेली. दोघांना एकच नाव दिलं, की वळवाचीही नुसती भीती उरते.

पुण्याला गेलो की शिवाजीनगरला तुझं जुनं घर बघून येतो. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून तिथे आलं, म्हणून लोक आजही त्याला शिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण शेतीच्या हवामानाचा विभाग १९३२ साली पुण्यातच सुरू झाला. त्या दगडी इमारतीसमोर मी उगाच थोडा वेळ थांबतो.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. दोन वर्षांपूर्वी वैशाखात मी ताडपत्री आणायला तालुक्याला गेलो होतो. दुकानातच मोबाईल वाजला: पुढच्या तीन तासांसाठी इशारा, विजांसह वादळ. पाठोपाठ विजेचा इशारा देणाऱ्या 'दामिनी' ॲपनेही वीज जवळ आल्याचं दाखवलं. मी घरच्यांना फोन लावला, एकदा, दोनदा, पाचदा. कुणी उचलेना. बाया पात कापत वावराच्या मधोमध होत्या, आणि सगळ्यांचे फोन डब्यांच्या पिशव्यांत, पिशव्या बांधावरच्या लिंबाला टांगलेल्या. तुझा इशारा त्या झाडावर वाजत राहिला. पहिले टपोरे थेंब पडले तशा सगळ्या जणी धावल्या त्याच लिंबाखाली. माझी आईही. वीज पडली शेजारच्या मळ्यातल्या आंब्यावर. खाली बांधलेली शेळी गेली. आमच्या लिंबात आणि त्या आंब्यात दीडशे पावलांचं अंतर आहे. मी ते मोजलंय.

तू चुकला नव्हतास. वेळेवर आलास, फक्त पिशवीत अडकलास.

आता उन्हाळाभर मी एकाच्या तरी खिशात फोन ठेवायला लावतो, आणि ढग गडगडला की सगळ्यांनी मळ्यातलं पक्कं घर गाठायचं असं ठरवलंय. पण डोंगरावर शेळ्या चारणाऱ्या माझ्या आत्याकडे फोनच नाही, आणि असता तरी तिकडे रेंज नाही. देवळाचा भोंगा मात्र तिथवर ऐकू येतो. काकडा, सप्ताह, ग्रामसभेचा पुकारा, सगळं तिला डोंगरावर बसून कळतं. मी पुजारीबाबांशी बोललोय. तीन तासांचा इशारा आला की तो वाचून दाखवायला ते तयार आहेत, फक्त त्यांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून वाक्य लहान ठेव. तालुक्याचं नाव, किती वाजेपर्यंत, आणि झाडाखाली थांबू नका.